आधी त्याची बाजू नीट मांडा: धर्मचर्चेत पहिल्यांदा उतरणाऱ्या ख्रिस्ती मित्रांसाठी

कॉलेजात असताना एका मुस्लिम मित्राला, आणखी तिघांदेखत, मी मोठ्या ऐटीत सांगितलं, "तुमच्या कुराणात असं असं लिहिलंय." आम्ही वाचनालयात बसलो होतो. तो काही बोलला नाही. उठला, कपाटातून कुराणाचं भाषांतर काढलं आणि टेबलावरून माझ्याकडे सरकवलं. "कुठे आहे? दाखव." मी पानं उलटायला लागलो. अनुक्रमणिका पाहिली, मागे गेलो, पुढे आलो. तो हाताची घडी घालून शांत बसला होता, आणि त्याच्या त्या शांततेनेच मला घाम फुटत होता. दहा मिनिटांनी मी पुस्तक मिटलं. ते वाक्य मी कधी वाचलेलंच नव्हतं. एका सभेत एका वक्त्याच्या तोंडून ऐकलं होतं, तिथे टाळ्या पडल्या होत्या, आणि टाळ्यांसकट ते माझ्या डोक्यात बसलं होतं.

घरी जाताना आठवली ती आज्ञा: आपल्या शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको. (बरेच प्रोटेस्टंट ती नववी मोजतात, कॅथलिक आणि लुथरन आठवी. यावरही वाद घालता येईल, पण तो आज नको.) कोर्टातल्या पिंजऱ्यात उभं राहून खोटं बोलणं, एवढाच तिचा अर्थ मी तोवर धरला होता. शेजारी काय मानतो हे न तपासता चारचौघांत सांगणं हीसुद्धा खोटी साक्षच, हे त्या दिवशी कळलं. पुढे जे सांगतोय ते सगळं त्या दहा मिनिटांतून निघालेलं आहे.

उतरायचं की नाही

न्यायसूत्रांत, म्हणजे तर्कशास्त्रावरच्या जुन्या भारतीय ग्रंथात, चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत: वाद, जल्प आणि वितंडा. खरं काय ते कळावं म्हणून दोघांनी बोलायचं तो वाद. काहीही करून जिंकायचं तो जल्प. आणि स्वतःची बाजू न मांडता समोरच्याचं फक्त खोडत बसायचं ती वितंडा. आपला रोजच्या बोलण्यातला 'वितंडवाद' तिथलाच. गंमत अशी, की आज मराठीत नुसतं 'वाद' म्हटलं तरी डोळ्यासमोर भांडणच येतं. चांगल्या शब्दाची आपण पार रया घालवली.

ख्रिस्ती माणसाला पहिला प्रकार मोकळा आहे. पौल इफिसात तुरन्नाच्या पाठशाळेत रोज चर्चा करायचा आणि हे दोन वर्षं चाललं, असं प्रेषितांची कृत्ये सांगतं. उरलेल्या दोन प्रकारांना पवित्र शास्त्रात कुठे परवानगी आहे असं मला दिसत नाही. तोच पौल तीमथ्याला आणि तीताला लिहिताना वायफळ वादांपासून दूर राहायला बजावतो.

समोर कुठला प्रकार आहे हे ओळखायला मी एक प्रश्न विचारतो: "समजा या प्रश्नाचं तुला पटेल असं उत्तर मिळालं, तर पुढे काय?" खरा जिज्ञासू जरा थांबतो, विचार करतो. दुसरा लगेच पुढचा प्रश्न फेकतो. हाच प्रश्न आरशासमोरही विचारायचा: त्याचा एखादा मुद्दा बरोबर निघाला, तर मी तो तोंडाने कबूल करणार आहे का? उत्तर 'नाही' असेल तर जल्प करायला तुम्ही निघाला आहात, समोरचा नव्हे.

प्रत्येक प्रश्नाला उत्तर दिलंच पाहिजे, असंही नाही. मंदिरात मुख्य याजकांनी येशूला विचारलं, कुठल्या अधिकाराने हे करतोस? त्याने उलट विचारलं, योहानाचा बाप्तिस्मा स्वर्गाकडून होता की माणसांकडून? त्यांनी आपापसात हिशेब केला, कुठलंही उत्तर दिलं तरी अंगाशी येतंय हे पाहिलं आणि "माहीत नाही" म्हणाले. मग त्यानेही सांगितलं नाही. हेरोदाने पुष्कळ विचारलं, तिथे तर तो एक शब्द बोलला नाही. पेत्राच्या पहिल्या पत्रातलं तिसऱ्या अध्यायातलं पंधरावं वचन आपण सगळे पाठ म्हणतो, पण त्यात एक शब्द आहे तो नजरेतून निसटतो: उत्तर द्यायचं ते *विचारणाऱ्याला*. बसमध्ये शेजारी बसलेल्या, डोळे मिटून पडलेल्या माणसाला नव्हे.

शोक असलेल्या घरात, आजाऱ्याच्या खाटेपाशी आणि तुम्ही स्वतः उपाशी किंवा झोपेला आलेले असताना धर्मचर्चा करू नका. याला वचन शोधू नका, अनुभव पुरेसा आहे.

मैदान सपाट आहे का

ही पायरी बहुतेक मार्गदर्शनांतून गळलेली असते, म्हणून जरा थांबतो.

१२६३ साली बार्सिलोनात अरागॉनचा राजा जेम्स पहिला याच्यासमोर एक जाहीर वाद झाला. एका बाजूला पाब्लो क्रिस्तियानी, यहुदी धर्मातून ख्रिस्ती झालेला डॉमिनिकन धर्मबंधू. दुसऱ्या बाजूला रब्बी नाहमनिदेस, त्या काळचा मोठा यहुदी विद्वान. तो यायला उत्सुक होता असं नाही. राजाने बोलावलं म्हणून आला. विषय ख्रिस्ती बाजूने ठरवलेला: मसीहा आलेला आहे की नाही, तोही यहुद्यांच्याच ग्रंथांवरून. म्हणजे प्रश्न एकाने विचारायचे आणि दुसऱ्याने बचाव करायचा. नाहमनिदेसने मोकळेपणाने बोलायची परवानगी मागितली आणि राजाने ती दिली. त्याने स्वतः लिहून ठेवल्याप्रमाणे, राजाने शेवटी त्याला तीनशे दिनार दिले आणि चुकीची बाजू इतकी चांगली मांडताना आपण कुणाला पाहिलं नाही असं म्हटलं. इथवर बरं वाटतं. पण त्याने हा वृत्तांत लिहिला म्हणून पुढे त्याच्यावर निंदेचा आरोप झाला आणि सत्तरी ओलांडल्यावर त्याला देश सोडावा लागला. १२६७ साली तो यरुशलेमेत पोहोचला.

या प्रसंगात मला सर्वांत जास्त बोचतं ते हे, की मुद्दे कुणाचे सरस होते याला काही अर्थच उरला नाही. एकाला हरल्यावर घरी जाता येत होतं. दुसऱ्याला जिंकल्यावरही येत नव्हतं.

तुमच्या-माझ्या हातात राजदंड नसतो, पण लहान सत्ता असतात. तुम्ही शिक्षक असाल आणि तो विद्यार्थी, तुम्ही साहेब आणि तो हाताखालचा, तुम्ही घरमालक आणि तो भाडेकरू, तुम्ही नर्स आणि तो सलाईन लावलेला, तर धर्माचा विषय तुम्ही काढू नका. त्याने विचारलं तर थोडक्यात, प्रामाणिकपणे सांगा आणि थांबा. कसोटी सोपी: त्याला मनात येईल तेव्हा, काही न गमावता, उठून जाता येतं का? तराजू उलटा असेल, सत्ता त्याच्या हातात असेल, तर चर्चा नाकारायला तुम्हीही मोकळे आहात. त्यात भित्रेपणा नाही.

गृहपाठ, दोन्ही बाजूंचा

स्वतःच्या घरापासून सुरुवात. चारपैकी एक शुभवर्तमान एका बैठकीत सलग वाचून काढा; मार्क सर्वांत आटोपशीर आहे. आपण वर्षानुवर्षं तुकड्यातुकड्यांनी वाचतो आणि मग समोरचा "याच्या आधीच्या ओळीत काय म्हटलंय?" असं विचारतो तेव्हा गडबडतो.

दुसरं, आपल्या बाजूचे लंगडे पुरावे आपणच आधी बाजूला काढा. उदाहरण देतो. त्रैक्य सिद्ध करायला नवखा माणूस योहानाच्या पहिल्या पत्रातलं पाचव्या अध्यायातलं सातवं वचन पुढे करतो: स्वर्गात साक्ष देणारे तिघे, पिता, शब्द आणि पवित्र आत्मा. जुन्या भाषांतरांत ते आहे. पण हे शब्द जुन्या ग्रीक हस्तलिखितांत सापडत नाहीत. इरॅस्मस या विद्वानाने ग्रीक नवा करार छापला तेव्हा १५१६ आणि १५१९ च्या आवृत्त्यांत ते नव्हते. ओरड झाल्यावर १५२२ च्या तिसऱ्या आवृत्तीत आले. आजची बहुतेक भाषांतरं ते गाळतात किंवा तळटीपेत टाकतात. तसंच मार्काच्या शेवटच्या अध्यायातल्या नवव्या वचनापासून पुढचा भाग सिनायटिकस आणि व्हॅटिकानस या चौथ्या शतकातल्या दोन महत्त्वाच्या हस्तलिखितांत नाही. हे तुम्हाला पहिल्यांदा समोरच्याकडून कळलं तर पायाखालची जमीन सरकेल. तुम्हीच आधी सांगितलंत तर त्याला कळेल की या माणसाशी बोलता येईल. त्रैक्याची शिकवण त्या एका वचनावर उभी नाही; जिथे ती उभी आहे ती ठिकाणं शोधून ठेवा.

आता त्याच्या बाजूचा गृहपाठ. त्याच्या धर्माविषयी आपल्या माणसांनी लिहिलेली पुस्तकं आधी वाचू नका. त्यालाच विचारा, "हे नीट समजून घ्यायचं तर मी कुणाचं वाचू?" हा प्रश्न ऐकून बहुतेकांचा चेहराच बदलतो. धर्म सोडून आलेल्या माणसाची साक्ष खरी असू शकते, पण एकट्या तिच्यावर विसंबू नका. आपली मंडळी सोडून गेलेला माणूस आपल्याविषयी काय काय सांगतो ते आठवा, म्हणजे मुद्दा लक्षात येईल. आणि "सगळे हिंदू", "सगळे मुसलमान", "सगळे नास्तिक" असं वाक्य जिभेवर आलं की गिळा. "सगळे ख्रिस्ती" असं काही एक आहे का? एका पाळकाला आणि एका फादरला शेजारी बसवून बाप्तिस्म्याबद्दल विचारून पाहा.

बोलायला बसण्यापूर्वी

इथे थोडक्यात. एक विषय ठरवा, एकच. वेळ ठरवा, तासाभरापुढे बोललेलं कुणाच्या लक्षात राहत नाही, आवाज मात्र चढतो. आळीपाळीने बोलायचं ठरवा. आणि दोन-चार शब्दांचे अर्थ आधी जुळवून घ्या, कारण निम्मी भांडणं शब्दांचीच असतात. 'देवाचा पुत्र' म्हटलं की ऐकणाऱ्याच्या मनात शरीरसंबंधातून झालेला जन्म येऊ शकतो, आणि मग तो ज्या गोष्टीवर तुटून पडतो ती तुम्हीही मानत नसता. 'तारण' आणि 'मोक्ष' एकच समजून दोघंही तासभर बोलत राहतात आणि शेवटी कळतं की एकजण पापाच्या दंडातून सुटण्याविषयी बोलत होता आणि दुसरा जन्ममरणाच्या फेऱ्यातून. 'विश्वास' म्हणजे तुम्हाला भरवसा म्हणायचं असतं, त्याला पुराव्यावाचून धरलेली समजूत ऐकू येते.

पूर्वपक्ष: सगळ्यांत अवघड पायरी

आपलं म्हणणं मांडण्याआधी समोरच्याचं म्हणणं आपल्या तोंडाने असं मांडायचं, की तो मान डोलावून म्हणेल, "हो, हेच." जुन्या शास्त्रचर्चेत याला पूर्वपक्ष म्हणत. तेराव्या शतकातला थॉमस अक्वायनस हेच करायचा. त्याच्या मोठ्या ग्रंथात प्रत्येक प्रश्नाची सुरुवात विरुद्ध बाजूच्या आक्षेपांनी होते. देव आहे का, या प्रश्नावर तर त्याने पहिले दोन आक्षेप लिहिले ते असे: जगात दुष्टाई आहे, आणि निसर्गातल्या घडामोडींचा उलगडा देवावाचूनही करता येतो. आजचा नास्तिक याहून फार वेगळं काय म्हणतो? त्या साधूने ते आपल्या हाताने, पहिल्या ओळीत लिहून ठेवलंय.

हे वाचायला सोपं आहे. करताना कसं होतं ते दाखवतो. माझा एक मित्र देव मानत नाही. त्याच्याशी पहिल्यांदा बोललो तेव्हा मी म्हणालो, "म्हणजे तुझ्या मते देव नाही, म्हणून काहीही केलं तरी चालतं." तो हसला आणि विषय संपला. हा पूर्वपक्ष नव्हता, हे बुजगावणं होतं. मीच उभं केलं, मीच पाडलं.

काही महिन्यांनी पुन्हा बसलो. या वेळी मी म्हणालो, "तुझं म्हणणं मला असं कळलंय. एखादं लहान मूल कर्करोगाने तळमळून जातं. ते थांबवायची ताकद असलेला आणि त्या मुलावर प्रेम करणारा देव आहे, हे तुला मान्य होत नाही. आणि 'देवाची योजना आपल्याला कळत नाही' असं कुणी म्हटलं की तुला चीड येते. बरोबर?"

तो म्हणाला, "जवळपास. चीड नाही येत. त्यांनी माझं ऐकलंच नाही असं वाटतं."

चीड हा शब्द मी आणला होता. नास्तिक माणूस देवावर चिडलेला असतो, अशी माझ्या डोक्यात एक तयार चौकट होती आणि तिच्यात मी त्याला कोंबत होतो. मी वाक्य दुरुस्त करून पुन्हा म्हटलं. मग तो "हो" म्हणाला. त्यानंतर मी काय उत्तर दिलं ते मला आज धड आठवतही नाही, पण आमचं बोलणं खऱ्या अर्थाने तिथे सुरू झालं.

म्हणून नियम: त्याने 'हो' म्हणेपर्यंत आपलं उत्तर सुरू करायचं नाही. दोनदा, तीनदा मांडावं लागलं तरी. ऐकून घेण्याआधी उत्तर देणं हा मूर्खपणा आहे असं नीतिसूत्रांच्या अठराव्या अध्यायात आहेच, आणि त्याच अध्यायात आणखी चार वचनं पुढे, पहिल्यांदा बोलणारा खरा वाटतो, दुसरा येऊन त्याची तपासणी करेपर्यंत, असंही आहे.

पूर्वपक्षाच्या पोटात आणखी एक गोष्ट येते: तराजू एकच ठेवा. आपण काय करतो? आपली शिकवण काढतो आणि त्यांची वागणूक. आपला डोंगरावरचा उपदेश एका पारड्यात, त्यांच्यातला एखादा गुंड दुसऱ्यात. शिकवणीशी शिकवण ताडा, वागणुकीशी वागणूक. तुम्ही त्यांच्या इतिहासातली कत्तल काढलीत तर १०९९ साली क्रूसेडवाल्यांनी यरुशलेम घेतलं तेव्हा तिथल्या मुसलमानांचं आणि यहुद्यांचं काय केलं, ते ऐकायची तयारी ठेवा. त्याने ते काढलं की लगेच "ते खरे ख्रिस्ती नव्हतेच" म्हणू नका. त्यांच्या अंगावर क्रूस शिवलेला होता. "हो, ते झालं. त्याचं समर्थन मला करता येत नाही," एवढं म्हणून दोन क्षण गप्प राहा.

त्याच्या बाजूचं जे चांगलं दिसतं ते मोकळेपणाने म्हणा. अथेनैत पौलाने जागोजागी मूर्ती पाहिल्या तेव्हा त्याचं मन आतून संतापलं होतं, असं लूक लिहितो. आणि तरी अरीयपगात, म्हणजे तिथल्या सभेपुढे, उभा राहिल्यावर तो सुरुवात करतो ती त्या लोकांच्या धर्मनिष्ठेची दखल घेऊन. पुढे त्यांच्याच कवीची ओळ घेतो, आपण देवाचा वंश आहोत. ती ओळ अरातस या ग्रीक कवीची, आणि मुळात ती झ्यूसबद्दल होती! आठव्या शतकात, सुमारे ७८१ साली, बगदादेत पूर्वेकडच्या मंडळीचा प्रमुख तिमोथी याला खलिफा अल-महदीने दोन दिवस प्रश्न विचारले. महंमदाबद्दल काय म्हणतोस, हा त्यातला एक. प्रश्न जीवावरचा होता. तिमोथीने सांगितलं की महंमद संदेष्ट्यांच्या मार्गाने चालला, त्याने लोकांना मूर्तींपासून एका देवाकडे वळवलं. पण त्रैक्य आणि ख्रिस्ताचं देवपण याबाबतीत तो तसूभरही हलला नाही. कौतुक केलं म्हणजे शरण गेलो, असं होत नाही.

राग आला की

येईलच. ज्या गोष्टीवर जीव आहे तिच्याविषयी कुणी वाकडं बोललं आणि काहीच वाटलं नाही, तर तीही काळजीचीच गोष्ट.

राग डोक्यात पोहोचण्याआधी अंगात येतो. माझ्या बाबतीत कानाच्या पाळ्या गरम होतात आणि मी समोरच्याचं वाक्य तोडायला लागतो. तुमची खूण तुम्ही शोधा. खूण दिसली की यातलं काहीतरी करा: पाण्याचा घोट घ्या, त्याचं शेवटचं वाक्य कागदावर जसंच्या तसं लिहा (लिहिताना वेग आपोआप कमी होतो), किंवा सरळ सांगा, "मला राग आलाय. पाच मिनिटं थांबू या?" याकोब सांगतो ते ऐकायला तत्पर, बोलायला सावकाश, रागाला सावकाश, या क्रमाने. क्रम उलटा झाला की समजायचं, थांबायची वेळ झाली.

आणि त्या पेत्राकडे पाहा. सौम्यतेने उत्तर द्या, असं ज्याच्या नावाच्या पत्रात आहे, त्याच माणसाने गेथशेमाने बागेत तलवार उपसून महायाजकाच्या दासाचा उजवा कान उडवला होता. दासाचं नाव मल्ख होतं हे फक्त योहान सांगतो. येशूने त्या कानाला हात लावून तो बरा केला हे फक्त लूक सांगतो. पेत्राला वाटलं असणार की आपण प्रभूची बाजू घेतोय. मला नेहमी वाटतं, सौम्यतेचं ते वाक्य लिहिताना त्याला तो कान आठवला असेल. ज्याचा कान आपण कापतो, त्याला मग ऐकायला कसं जाणार?

इथे एक जण हमखास विचारतो: येशूनेच परूश्यांना 'सापाच्या पिलांनो' म्हटलं ना? एलीयाने कर्मेल डोंगरावर बआलाच्या संदेष्ट्यांची टर उडवली ना? मग आम्ही टोमणे का मारायचे नाहीत? माझं मत स्पष्ट आहे. येशूचे ते शब्द स्वतःच्याच समाजातल्या, लोकांवर ओझी लादणाऱ्या पुढाऱ्यांना होते. परक्या धर्मपंथाच्या माणसाशी तो कसा बोलला ते पाहायचं तर योहानाचा चौथा अध्याय काढा. शोमरोनी बाई, विहीर, भर दुपार. ती अवघड प्रश्न टाळायला मध्येच विषय बदलते, उपासना या डोंगरावर करायची की यरुशलेमेत? त्यावरही तो तिला धुडकावत नाही, उत्तर देतो. मतभेद लपवत नाही, आवाजही चढवत नाही. एलीयाचं म्हणाल, तर आकाशातून अग्नी उतरवता येत असेल तेव्हा त्याचा दाखला द्या.

उपरोध हे माझंही आवडतं हत्यार आहे, म्हणून सांगतो: त्याने ऐकणारे हसतात आणि ज्याच्याशी बोलतोय तो बंद होतो.

उत्तर येत नसेल तेव्हा

"मला माहीत नाही. वाचून सांगतो." हे वाक्य घरी मोठ्याने म्हणून पाहा, जीभ वळायला वेळ लागते. आणि मग खरंच वाचून, ठरलेल्या दिवशी सांगा. न सांगितलंत तर ती पळवाट ठरते. अर्धवट आठवणारं वचन रेटू नका. अध्याय आठवत नसेल तर तसं म्हणा. त्याचा मुद्दा बरोबर असेल तर "हे तुझं बरोबर आहे" म्हणून तिथे पूर्णविराम द्या, 'पण' लावू नका.

घरातले वाद

परक्यांशी सभ्यपणे बोलणारा ख्रिस्ती माणूस दुसऱ्या पंथाच्या ख्रिस्ती माणसाशी बोलताना अस्तन्या सारतो, हे मी खूप पाहिलंय. बाळांचा बाप्तिस्मा, मरियेचा मान, शब्बाथ, अन्य भाषा; एकेका विषयावर मंडळ्या फुटतात. १५२९ च्या ऑक्टोबरात जर्मनीतल्या मारबुर्गमध्ये लूथर आणि झ्विंगली हे दोन प्रोटेस्टंट धर्मसुधारक प्रभुभोजनावर बोलायला बसले. लूथरने टेबलावर खडूने लॅटिनमध्ये आधीच लिहून ठेवलं होतं, 'हे माझे शरीर आहे'. पुढच्या चर्चेत तो त्या शब्दांवरून हटला नाही. पंधरा कलमं तयार झाली. चौदांवर दोघांचं एकमत, पंधराव्यातलाही बराचसा भाग मान्य. उरलेल्या तेवढ्यासाठी लूथरने झ्विंगलीला बंधू म्हणून हात द्यायचं नाकारलं. लूथरच्या मुद्द्यात दम होता की नाही हा वेगळा प्रश्न. पण मान्य झालेली चौदा कलमं कुणाच्या लक्षात नाहीत, न दिलेला हात आहे.

याच्या शेजारी अपुल्लोसाची गोष्ट ठेवा. चांगला वक्ता, शास्त्रात प्रवीण, पण त्याला फक्त योहानाचा बाप्तिस्मा ठाऊक होता. प्रिस्किल्ला आणि अक्विला यांनी त्याला सभास्थानात सगळ्यांदेखत टोकलं नाही. बाजूला नेलं आणि देवाचा मार्ग अधिक नीट समजावून सांगितला. आपल्या पाळकाचं प्रवचनात काही चुकलं असं वाटलं तर हाच रस्ता.

उठताना

शेवटचा शब्द आपलाच असावा, ही हौस सोडा. "मी तुझ्यासाठी प्रार्थना करीन" हे वाक्य दार आपटल्यासारखं वापरू नका. प्रार्थना करायचीच असेल तर खोलीत जाऊन करा, त्याला सांगायची गरज नाही. तो तुमच्यापाशी मोकळेपणाने जे बोलला, ते मंडळीत 'साक्ष' म्हणून सांगू नका. आणि तुम्ही दिलेली माहिती चुकीची होती असं नंतर कळलं, तर ज्या लोकांसमोर ती दिली त्याच लोकांसमोर दुरुस्त करा, एकट्याच्या कानात नव्हे.

त्याचं मत बदललं नाही म्हणून चर्चा वाया गेली असं समजू नका. अरीयपगात काहींनी थट्टा केली, काही म्हणाले पुन्हा कधीतरी ऐकू, काहींनी विश्वास ठेवला, आणि पौल तिथून निघाला. दुसऱ्या शतकातला ख्रिस्ती लेखक जस्टिन आणि यहुदी त्रिफो यांचा लांबलचक संवाद आपल्याकडे आहे. त्यात जस्टिन काही ठिकाणी चांगलाच तिखट होतो. शेवटी त्रिफोला ते पटलेलं नसतंच, पण बोलून आनंद झाला असं सांगून, एकमेकांचं भलं चिंतूनच ते निरोप घेतात.

वाचनालयातल्या त्या प्रसंगानंतर दोन आठवडे मी ते कुराणाचं भाषांतर घरी नेऊन चाळलं. वाक्य सापडलं नाही. ज्या तिघांसमोर मी ते बोललो होतो, त्या तिघांना कॅन्टीनमध्ये गाठून सांगितलं की मी चुकीचं बोललो. माझा मित्र तिथेच होता. त्याने खुर्ची ओढली आणि म्हणाला, "बरं. आता तुझं पुस्तक काढ. मला एक विचारायचंय."